हरणाऱ्या खलनायकावर चाहत्यांचा जीव का जडतो : ‘जी. आय. जो’ आणि कोब्रा

प्रश्न थोडक्यात असा आहे. ‘जी. आय. जो’ ही १९८०च्या दशकातील अमेरिकन लष्करी कार्टून मालिका एका तरुण वाचकाने नुकतीच पहिल्यांदा सलग पाहिली. तिच्या जुन्या चाहत्यांचे बोलणे वाचताना त्यांना एक गोष्ट विचित्र वाटली : चाहते नायकांबद्दल आपुलकीने बोलतात, पण तावातावाने भांडतात ते खलनायकांवरून. कोब्रा या शत्रुसंघटनेचा पुढारी कोब्रा कमांडर जवळजवळ प्रत्येक भागात हरतो आणि पळ काढतो, तरी त्याच्यावर चाहत्यांचा जीव आहे. त्याच्या डोक्यावर आणून बसवलेल्या सर्पेंटर या नव्या सम्राटाबद्दलचा आणि मालिकेवरच्या १९८७च्या चित्रपटाबद्दलचा राग मात्र इतक्या वर्षांनंतरही निवळलेला नाही. असे का झाले आणि हा राग रास्त आहे का, असे त्यांनी विचारले आहे.

मी गेली चोवीस वर्षे पुण्यात आणि मुंबईत अ‍ॅनिमेशन मालिकांसाठी स्टोरीबोर्ड करतो, म्हणजे कागदावर लिहिलेला प्रसंग चित्रचौकटींत मांडून देतो. ही मालिका मी शाळेत असताना, आखातात नोकरीला असलेल्या मामाने आणलेल्या व्हिडिओ कॅसेटवर पाहिली होती, आणि पुढे या कामात पडल्यावर एकेक चौकट थांबवून पुन्हा पाहिली. माझे उत्तर सुरुवातीलाच सांगतो : राग रास्त आहे. या मालिकेत नायकांना ज्या गोष्टी करण्याची मुभाच नव्हती, त्या सगळ्या खलनायकांच्या वाट्याला आल्या. माणूसपण त्यांच्याकडे गेले, म्हणून प्रेमही त्यांच्याकडे गेले; आणि पुढे त्या माणूसपणालाच हात लावला गेला, तेव्हा चाहते दुखावले.

हे समजून घेण्यासाठी मालिकेचा जन्म कसा झाला ते पाहायला हवे. हॅस्ब्रो या खेळणी कंपनीने १९६४ साली ‘जी. आय. जो’ नावाचा बारा इंची सैनिक बाजारात आणला होता. १९८२ साली तेच नाव घेऊन पावणेचार इंची सैनिकांची नवी मालिका आली आणि तिला कथेची जोड देण्यासाठी मार्व्हल या कॉमिक्स प्रकाशनाला सोबत घेतले गेले. सैनिक तर झाले, पण ते लढणार कोणाशी, हा प्रश्न त्या वेळी मार्व्हलमधील आर्ची गुडविन यांनी उपस्थित केला आणि कोब्रा ही शत्रुसंघटना त्यातून जन्माला आली. म्हणजे ज्या खलनायकांवर पुढे दोन पिढ्या लुब्ध झाल्या, ते मूळ आराखड्यात नव्हतेच. कॉमिकचे लेखन लॅरी हामा यांच्याकडे आले. ते स्वतः अमेरिकन सैन्यात होते, आणि खेळण्याच्या पुठ्ठ्यामागे छापली जाणारी प्रत्येक पात्राची छोटी ओळखपत्रेही तेच लिहीत. पात्राचे खरे नाव, गाव, लष्करातील कामगिरी आणि स्वभावाविषयी दोन-चार नेमकी वाक्ये, एवढाच तो मजकूर असे. पण प्लॅस्टिकच्या तुकड्याला माणूस करण्याचे काम त्याने केले.

१९८३ साली पाच भागांची पहिली कथा दूरचित्रवाणीवर आली आणि १९८४ साली आणखी पाच भाग आले. ते रॉन फ्रीडमन यांनी लिहिले होते. १९८५ साली पंचावन्न भागांचा पहिला हंगाम आणि १९८६ साली तीस भागांचा दुसरा हंगाम, असे एकूण पंचाण्णव भाग झाले. निर्मिती सनबो आणि मार्व्हल प्रॉडक्शन्स यांची, तर प्रत्यक्ष अ‍ॅनिमेशनचे बरेच काम जपानमधील तोएई स्टुडिओचे होते. स्फोटाच्या धुराचे लोट आणि वळण घेणाऱ्या विमानांच्या हालचाली आजही डोळ्यांत भरतात, त्याचे श्रेय बहुतांशी या जपानी हातांना आहे.

आता मुद्द्याकडे येतो. मुलांच्या दूरचित्रवाणीसाठी युद्धाची मालिका करायची, म्हणजे काय करता येत नाही याची यादी आधी हातात पडते. या मालिकेत सैनिक गोळ्या झाडत नाहीत, लाल आणि निळे किरण सोडतात. विमान कोसळण्याआधी वैमानिक हवाई छत्रीसह बाहेर उडी घेताना दाखवावाच लागतो. कोणी मरत नाही. नायक मुलांसमोर चुकीचा आदर्श ठेवणार नाही याची काळजी घ्यावी लागते. भागाच्या शेवटी तर तोच नायक पडद्यावर येऊन आग लागली तर काय करावे, अनोळखी माणसाबरोबर का जाऊ नये, हे मुलांना सांगणार असतो. ‘आता तुम्हाला कळले, आणि कळणे म्हणजे अर्धी लढाई जिंकणे’ या अर्थाचे त्या शिकवणीतले वाक्य अमेरिकेत म्हणीसारखे झाले आहे. ती शिकवण वाईट होती असे मला अजिबात वाटत नाही, उलट त्या लहानशा तुकड्यांतून मुलांना खरोखर उपयोगी माहिती मिळाली. पण ज्या पात्राला शेवटी उपदेश करायचा आहे, त्याला आधीच्या वीस मिनिटांत मत्सर, भीती, हाव किंवा खोटेपणा दाखवता येत नाही.

त्यात भर पडली ती संख्येची. नवे खेळणे आले की त्याला पडद्यावर आणायचे, हे ठरलेलेच होते. त्यामुळे ‘जो’ सैनिकांची, म्हणजे नायकांची, फौज वाढत गेली आणि एकेका नायकाच्या वाट्याला भागातली दोन-तीन मिनिटे येऊ लागली. ड्यूक, फ्लिंट, स्कार्लेट, लेडी जे ही मंडळी देखणी आणि शूर आहेत. परंतु ती सगळी एकाच गोष्टीसाठी झटतात आणि एकमेकांशी बहुतेक वेळा सहमत असतात. स्टोरीबोर्ड करणाऱ्याला याची अडचण लगेच जाणवते. एका खोलीत पाच माणसे आहेत आणि पाचही जणांना तेच हवे आहे, तर कॅमेरा कोणाच्या चेहऱ्यावर न्यायचा? कुठेही नेला तरी फरक पडत नाही, आणि फरक पडत नाही तिथे प्रसंग घडत नाही.

कोब्राच्या तळावर याच्या अगदी उलट स्थिती आहे. कोब्रा कमांडरला जग हवे आहे, पण त्याहून जास्त त्याला समोरच्यांची मान्यता हवी आहे. शस्त्रास्त्रांचा व्यापारी डेस्ट्रो त्याला शस्त्रे पुरवतो, मात्र मनातून त्याला तुच्छ मानतो. बॅरोनेस दोघांच्या मध्ये उभी आहे. तिची निष्ठा कमांडरकडे असायला हवी आणि तिचे मन डेस्ट्रोकडे आहे. झार्टन पैशांसाठी आला आहे आणि पैसे थकले की निघून जाईल. टोमॅक्स आणि झॅमॉट हे जुळे भाऊ वरकरणी प्रतिष्ठित कंपनी चालवतात, एकमेकांची वाक्ये पूर्ण करतात आणि एकाला लागले की दुसरा कळवळतो. या सहा जणांना एका टेबलाभोवती बसवले तरी नाट्य आपोआप सुरू होते. कोणी कोणाकडे पाहिले, कोणी नजर चुकवली, कोण उठून खिडकीशी गेले, एवढ्यावर माझ्यासारख्याला दहा चौकटी सहज मिळतात. लेखकांनाही हे उमगले असावे, कारण मालिकेतील सर्वांत जिवंत संवाद तिथेच आहेत.

कोब्रा कमांडरचा चेहरा दिसत नाही, ही गोष्ट मला व्यवसायाच्या दृष्टीने फार महत्त्वाची वाटते. चंदेरी मुखवटा किंवा निळे कापडी शिरस्त्राण, या दोहोंतही ओठ नाहीत. ओठ नाहीत म्हणजे संवादाबरोबर तोंडाची हालचाल जुळवण्याचे वेळखाऊ काम नाही. परंतु त्याचबरोबर भाव दाखवण्याचे सर्वांत सोपे साधनही नाही. मग चित्रकाराला देहाकडे वळावे लागते. आवळलेली मूठ, थरथरणारे बोट, पुढे झुकलेले खांदे आणि फसल्यानंतर एकदम गळून पडलेले हात. कमांडरचे कुठलेही दोन प्रसंग आवाज बंद करून पाहावेत. तो घाबरला आहे की संतापला आहे हे पाठमोऱ्या आकृतीवरूनही कळते. नायकांचे रेखीव, नीट हलणारे चेहरे इतके काही सांगत नाहीत. डेस्ट्रोच्या बाबतीत उलटा निर्णय घेतला गेला : त्याचा मुखवटा धातूचा आहे, तरी बोलताना धातूचे ओठ हलतात. हे कसे शक्य आहे, हा प्रश्न चाहते आजही प्रेमाने विचारतात. माझ्या मते तो निर्णय बरोबर होता. डेस्ट्रो हा गर्व जपणारा, तोलून बोलणारा माणूस आहे आणि त्याच्या ओठांच्या कोपऱ्यातला तिरस्कार दिसणे गरजेचे होते.

देहाला जे जमले नाही ते आवाजाने केले. ख्रिस लाटा या अभिनेत्याने कोब्रा कमांडरला आवाज दिला. घशातून खरवडत निघणारा, ‘स’ लांबवणारा, आज्ञा देताना चढत चढत फाटणारा तो आवाज एकदा ऐकला की विसरता येत नाही. त्याच काळात ‘ट्रान्सफॉर्मर्स’ या रूप बदलणाऱ्या यंत्रमानवांच्या मालिकेतील स्टारस्क्रीम या खलनायकालाही त्यांचाच आवाज होता. दोन्ही पात्रे एकाच घशातून आली असली तरी त्यांची दुःखे परस्परविरुद्ध आहेत : स्टारस्क्रीमला पुढाऱ्याची जागा हवी आहे, तर कोब्रा कमांडर त्या जागेवर बसलेला आहे आणि भोवतीचा प्रत्येक जण ती हिसकावू पाहतो आहे. लाटा यांनी हे अंतर आवाजात सांभाळले. कमांडरच्या गर्जनेमागे नेहमी थोडी भीती असते. माघारीचा हुकूम देताना तर त्या आवाजात लहान मुलासारखी हताशा येते. लाटा १९९४ साली, चाळिशीतच गेले. डेस्ट्रोला आवाज देणाऱ्या आर्थर बर्गहार्ट यांचा खोल, घुमणारा स्वर या खरवडीसमोर ठेवला की दोघांचे भांडण संगीतासारखे ऐकू येते, आणि मॉर्गन लॉफ्टिंग यांची बॅरोनेस त्या दोघांच्या मधून धारदारपणे निघून जाते.

या खलनायकांना जी मोकळीक होती, ती घेऊन लेखकांनी काय केले हे १९८५च्या हंगामात दिसते. त्या हंगामाचे कथासंपादन स्टीव्ह गर्बर यांच्याकडे होते. एका भागात कोब्राचे पैसे संपतात आणि ते सावरण्यासाठी ते चक्क रॉक संगीताचा बँड काढतात. गाण्यांतून लपवलेल्या संदेशांनी श्रोत्यांवर ताबा मिळवायचा, अशी योजना असते. चाहते या भागावर हसतात आणि तो पुन्हा पुन्हा पाहतात. दुसऱ्या एका दोन भागांच्या कथेत काही ‘जो’ सैनिक अशा समांतर जगात पोहोचतात, जिथे कोब्रा जिंकलेली आहे. तिथे त्यांना आपल्याच साथीदारांचे सांगाडे सापडतात, आणि तिथली बॅरोनेस स्टीलर या सैनिकाच्या प्रेमात असते. शेवटी स्टीलर, ग्रंट आणि क्लच तिथेच राहून लढायचे ठरवतात आणि परत येत नाहीत. मुलांच्या मालिकेत कोणी मरू शकत नसेल, तर कोणाला कायमचे निरोप देऊन मागे ठेवता येते, ही वाट लेखकाने शोधली. लहानपणी हा भाग पाहिलेल्या कित्येकांना तो शेवट अजून आठवतो.

हंगामाच्या शेवटच्या दोन भागांत शिपरेक हा खलाशी जागा होतो तेव्हा सहा वर्षे उलटून गेलेली असतात. युद्ध संपले आहे, त्याला पत्नी आणि लहान मुलगी आहे, टुमदार गावात घर आहे. हळूहळू कळते की हे गाव कोब्राने उभारलेले नाटक आहे. त्याच्या मनात दडलेले, पाण्याचे स्फोटकात रूपांतर करणारे सूत्र त्यांना काढून घ्यायचे आहे. भोवतीची माणसे कृत्रिम आहेत आणि ती डोळ्यांसमोर वितळून जातात. मुलगीही. इथे खलनायक तोफा घेऊन येत नाहीत, ते माणसाला त्याच्या मनातली सगळ्यात साधी इच्छा पुरवून छळतात. मला विचाराल तर संपूर्ण मालिकेतील ही सर्वांत क्रूर योजना आहे आणि सर्वांत उत्तम लेखनही तेच आहे. कॉमिकमध्येही स्प्रिंगफील्ड हे कोब्राच्या ताब्यातले साधे, नीटनेटके गाव आहे. शेजाऱ्याच्या हसऱ्या चेहऱ्यामागे शत्रू असू शकतो, ही कल्पना हामा यांनी आणि गर्बर यांनी आपापल्या परीने वापरली, आणि चाहत्यांच्या मनात कोब्राची खरी दहशत तिथूनच आली.

आता सर्पेंटरकडे येऊ. १९८६च्या हंगामाची सुरुवात पाच भागांच्या कथेने होते. कमांडरच्या सततच्या अपयशाला कंटाळलेले कोब्राचे शास्त्रज्ञ डॉक्टर माइंडबेंडर आणि इतर मंडळी इतिहासातील विजेत्यांच्या थडग्यांतून अवशेष गोळा करतात आणि त्यांतून एक सम्राट घडवतात. नेपोलियन, ज्युलियस सीझर, हॅनिबल, अटिला अशी ती यादी आहे. कल्पना मोठी आहे, आणि खेळणे म्हणून सोनेरी नागफणीचा सर्पेंटर दिसायला भव्यही होता. डिक गॉटिए यांनी त्याला दिलेला आवाज भरदार आहे, ‘ही माझी आज्ञा आहे’ हे त्याचे पालुपद लक्षात राहते. तरीही चाहत्यांनी त्याला मनापासून स्वीकारले नाही.

माझ्या मते त्याचे कारण लिखाणाच्या मुळाशी आहे. सर्पेंटरला काही हवे नसते. तो जन्मतःच सम्राट आहे, त्याला कोणाच्या मान्यतेची गरज नाही, त्याला भीती वाटत नाही आणि लाजही वाटत नाही. म्हणजे नायकांची जी अडचण होती तीच आता खलनायकांच्या घरात येऊन बसली. त्याच्याभोवतीची माणसे वाद घालायची थांबली, कारण वाद घालून उपयोग नव्हता. कोब्रा कमांडर मात्र पदावरून उतरवला जाऊन त्याच्या मागे मागे फिरणारा, टोमणे खाणारा सेवक झाला. मालिकेच्या निर्मात्यांना वाटले असावे की सतत हरणारा पुढारी मुलांना खोटा वाटेल आणि अधिक बलवान शत्रू आणावा. पण मुले त्याच्या हरण्याला कंटाळली नव्हती. एवढे हरूनही तो दर वेळी नवी योजना घेऊन उभा राहत होता, आणि वर्गात, मैदानावर रोज काही ना काही हरणाऱ्या मुलाला हे फार जवळचे होते. मीही त्यांतलाच एक होतो.

कॉमिकमध्ये हामा यांनाही सर्पेंटर घ्यावा लागला, परंतु त्यांनी त्याचा वापर कोब्राच्या अंतर्गत यादवीसाठी केला आणि १९८८ साली झार्टनच्या बाणाने त्याचा अंत करून टाकला. कॉमिकच्या वाचकांना सर्पेंटर तितका खुपला नाही, यामागे हा फरक आहे : तिथे तो भांडण वाढवण्यासाठी आला, कार्टूनमध्ये भांडण मिटवण्यासाठी. हामा यांचा कोब्रा कमांडर कुठल्याही दूरच्या राज्यातून आलेला नाही. तो एके काळी जुन्या गाड्या विकत असे. आयुष्यात कडवट झाला आणि आपल्यासारख्या नाराज माणसांना हाताशी धरून त्याने संघटना उभी केली. हे भय मोठ्या माणसांना कळणारे आहे. असा माणूस कुठल्याही गावात सापडतो.

१९८७च्या चित्रपटाने नेमके हेच उलटवले. चित्रपट आधी चित्रपटगृहांसाठी योजलेला होता, पण शेवटी व्हिडिओ आणि दूरचित्रवाणीवरच आला. त्याच्या पहिल्या काही मिनिटांत स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्याभोवती होणारी हवाई लढाई आहे, आणि ती अ‍ॅनिमेशन म्हणून इतकी देखणी आहे की कडवे टीकाकारही तिच्यावर बोट ठेवत नाहीत. मी विद्यार्थ्यांना ती आजही दाखवतो. त्यानंतर कथा हिमालयातील कोब्रा-ला नावाच्या प्राचीन, गुप्त राज्यात जाते. तिथे यंत्रे नाहीत, सगळे काही जिवंत आहे : कवचे, कीटक, वेली. त्यांचा पुढारी गोलोब्युलस याला बर्जेस मेरेडिथ यांच्यासारख्या थोर अभिनेत्याचा आवाज आहे. आणि इथे सांगितले जाते की कोब्रा कमांडर मुळात याच राज्याचा, सर्पवंशी प्रजेतला होता. सर्पेंटरची कल्पनाही माइंडबेंडरच्या स्वप्नात याच लोकांनी पेरली होती.

चाहत्यांच्या रागाचे मूळ या एका खुलाशात आहे. माणसांच्या हेव्यादाव्यांतून, लोभातून, अपमानातून उभी राहिलेली संघटना एका क्षणात पुराणातल्यासारख्या जमातीची बाहुली ठरली. डेस्ट्रोचा गर्व, झार्टनचा लोभ, कमांडरची तडफड या सगळ्यांना जणू कारणच उरले नाही. मराठी वाचकाला यात आणखी एक गोष्ट खटकेल असे वाटते. ‘कोब्रा’ हा शब्दच इंग्रजीत पोर्तुगीज भाषेतून आला. भारतात आलेल्या पोर्तुगीजांनी आपल्या नागाला फणीवाला साप अशा अर्थाचे नाव दिले आणि त्यातला ‘कोब्रा’ जगभर पसरला. नागपंचमीला ज्याचे चित्र काढून दूध-लाह्या वाहतात, त्या प्राण्याभोवती आणि हिमालयाभोवती चित्रपटाने जे विश्व रचले, त्यात इथल्या नागकथांची सूक्ष्मता कुठेही नाही. दूरचा, गूढ, भयंकर पूर्व दाखवण्याची पाश्चात्त्य कथांची जुनी सवय तेवढी दिसते. कोब्रा-लाची चित्रशैली मला आवडते, तिच्या रंगयोजनेवर मेहनत घेतलेली आहे. पण ती दुसऱ्या एखाद्या कथेत शोभली असती.

तरीही या चित्रपटातला एक प्रसंग मी कोणाला वगळू देणार नाही. शिक्षा म्हणून कोब्रा कमांडरवर विषारी बीजाणू सोडले जातात आणि तो हळूहळू साप होऊ लागतो. त्याच बीजाणूंनी रोडब्लॉक हा धिप्पाड ‘जो’ सैनिक आंधळा झालेला असतो. दोघे बर्फातून एकमेकांच्या आधाराने निघतात : ज्याला दिसते त्याचे पाय जात आहेत, आणि ज्याचे पाय शाबूत आहेत त्याला दिसत नाही. कमांडरचे बोलणे तुटत जाते, फूत्कार वाढतात, आणि तो एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणतो की मी एके काळी माणूस होतो. लाटा यांनी ते वाक्य असे म्हटले आहे की त्यात विनोद शोधू पाहणाऱ्याचाही आवाज बसतो. पंचाण्णव भाग ज्याला पळताना पाहिले, तो इथे सरपटतो. मूळ खुलासा चुकीचा होता असे मानणारा मी, पण या प्रसंगापुढे माझा विरोध टिकत नाही. चाहत्यांचा राग इतका टिकून राहण्याचे एक कारण हेही आहे की तो प्रसंग खोटा वाटला नाही, खरा वाटला.

याच चित्रपटात ड्यूकचा मृत्यू योजलेला होता. त्याच्या छातीत सर्पेंटरचा सर्पभाला शिरतो, तो कोसळतो, आणि मग कोणीतरी पडद्याबाहेरून सांगते की तो बेशुद्धावस्थेत गेला आहे. आदल्या वर्षी ‘ट्रान्सफॉर्मर्स’च्या चित्रपटात ऑप्टिमस प्राइम हा नायक मेला तेव्हा मुलांनी आणि पालकांनी जो आकांत केला, त्यामुळे हा बदल झाला. चाहते याची चर्चा करतात, पण त्या चर्चेत फारसा क्षोभ नसतो. नायक वाचला, एवढेच. खलनायक साप झाला याचे मात्र चाळीशी-पन्नाशीच्या माणसांना अजून वाईट वाटते. मालिकेने भावना कुठे गुंतवल्या होत्या हे याहून स्पष्टपणे सांगता येणार नाही.

पुढे निर्मिती दुसऱ्या कंपनीकडे गेली आणि १९८९च्या पाच भागांच्या कथेत कोब्रा कमांडरला पुन्हा माणूस करण्यात आले, तर सर्पेंटरचा सरडा झाला. ती कथा घाईची आहे आणि अ‍ॅनिमेशनही आधीच्या तोडीचे नाही. तरी सर्पेंटर काढा आणि कमांडर परत आणा, हा कौल तिने मान्य केला. २००९च्या चित्रपटात कमांडरला श्वसनयंत्रासारखा पारदर्शक मुखवटा दिला गेला तेव्हा चाहत्यांनी नापसंती दाखवली, आणि २०१३च्या चित्रपटात चकचकीत, चेहरा पूर्ण झाकणारा मुखवटा परतला तेव्हा त्यांनी तो आनंदाने स्वीकारला. ओठ नसलेला चेहरा हीच त्याची ओळख आहे, हे त्यांना डोळ्यांनी कळत होते.

आपल्याकडच्या चाहत्यांविषयीही सांगायला हवे, कारण इथे खरा धागा आहे. एमआरएफ आणि हॅस्ब्रो यांच्या भागीदारीतून १९८७ साली सुरू झालेल्या फनस्कूलने गोव्यातील कारखान्यातून खेळणी बनवायला सुरुवात केली आणि ‘जी. आय. जो’चे सैनिकही आपल्याकडे तयार होऊ लागले. साचे मूळचे होते, पण रंग पुष्कळदा वेगळे असत : अमेरिकेत काळा असलेला भाग इथे भलत्याच भडक रंगात येई. त्या काळी आम्हाला तेच खरे रंग वाटत. आज परदेशातील संग्राहक हे भारतीय सैनिक मुद्दाम शोधून घेतात. माझ्याकडे त्यांतले काही अजून आहेत. या सैनिकांच्या कमरेत एक काळी रबरी कडी असते, तिच्या ताणावर पाय आणि धड एकत्र राहतात; वीस-पंचवीस वर्षांत ते रबर कडक होऊन तुटते आणि सैनिक हातात दोन तुकड्यांत येतो. पाठीवरचा एक स्क्रू काढून नवी कडी घालता येते, मात्र हाताची अंगठ्याची बाजू सांभाळावी लागते, कारण हत्यार जोराने बसवले की अंगठा तुटतो आणि तो परत जोडता येत नाही. कोब्राच्या साध्या सैनिकांचा एक वेगळाच मान आहे. चेहरा झाकलेला, नाव नसलेला सैनिक एक घेऊन भागत नाही. दहा-वीस असले तरच सैन्य वाटते. ड्यूक प्रत्येकाकडे एकच असतो. कोब्राचे सैन्य मात्र लोक आयुष्यभर जमवत राहतात.

मुलांना खलनायक आवडला तर ती बिघडतील का, अशी काळजी तेव्हा अमेरिकेतही होती आणि आज पालक मलाही विचारतात. या मालिकेपुरते सांगतो : इथे कोणत्याही मुलाला कोब्रा जिंकावी असे वाटत नव्हते. त्याला कोब्रा कमांडर पुढच्या आठवड्यात परत यावा असे वाटत होते. या दोन इच्छा वेगळ्या आहेत आणि मुलाला त्यांतला फरक चांगला कळतो.

सलग पंचाण्णव भाग पाहायला वेळ नसेल तर असे करावे. आधी १९८३ची पाच भागांची कथा पाहावी, कारण डेस्ट्रो आणि कमांडर यांच्या भांडणाची बीजे तिथे आहेत. मग समांतर जगाचे दोन भाग, रॉक बँडचा भाग आणि शिपरेकचे शेवटचे दोन भाग याच क्रमाने घ्यावेत. १९८६च्या हंगामातून सर्पेंटरच्या जन्माची कथा पाहावी आणि नंतर चित्रपट. त्यानंतर ‘ट्रान्सफॉर्मर्स’ मालिकेचा १९८६चा एक भाग जरूर शोधावा, ज्यात ऑटोबॉट्सची, म्हणजे त्यातल्या नायक यंत्रमानवांची, मने कृत्रिम मानवी देहांत अडकवली जातात. ते तंत्र विकणारा एक म्हातारा त्यात आहे. अंगात लांब कोट आहे, चेहरा झाकलेला आहे, आणि सगळे त्याला म्हातारा साप म्हणतात. त्याचे खरे नाव कोणी उच्चारत नाही, पण आवाज लाटा यांचाच आहे. शेवटी तो एकटा उरतो, सारे बळ एकवटून जुनी युद्धगर्जना द्यायला जातो, आणि ती अर्ध्यातच खोकल्यात अडकते.